अनुभव धागा: पहिल्यांदा मुंबई, आणि तीही दोनच दिवस

माहुलीकरीण

जानेवारीतला एक शनिवार-रविवार धरून मुंबई बघायचं ठरतंय. आम्ही पाच जण. मी, नवरा, नववीतला मुलगा, चौथीतली मुलगी आणि शहात्तर वर्षांच्या सासूबाई. साताऱ्यातून मुंबई म्हणजे काय मोठं, असं म्हणाल. पण मी आजवर दोनदाच गेले, एकदा लग्नाला आणि एकदा हॉस्पिटलात. दोन्ही वेळा समुद्र दिसला नाही. सासऱ्यांनी परळच्या गिरणीत सव्वीस वर्षं काढली आणि सासूबाईंनी मुंबई पाहिलीच नाही. तेव्हा बाया गावाकडं राहून शेती बघायच्या, गडी मुंबईहून मनीऑर्डर करायचे.

मुलीला पेंग्विन, समुद्र आणि डबलडेकर हवी. मुलाला संग्रहालय. २०२४ मध्ये लंडनहून वाघनखं आपल्या साताऱ्याच्या संग्रहालयात आली होती, तेव्हापासून त्याला हे वेड आहे. नवऱ्याची यादी अशी: घारापुरी, सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, तारांगण, गिरगाव चौपाटी, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय, जुहू. दोन दिवसांत! सासूबाई काहीच मागत नाहीत.

तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा काय फसलं ते आधी सांगा. छान काय झालं ते नंतर.

विश्रामबागवाला

आम्ही सांगलीहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलो. रात्री झोपायचं, सकाळी सात-साडेसातला सीएसएमटी, लॉजची एक रात्र वाचली म्हणून मी फुशारक्या मारत होतो. खोली दुपारी बाराला मिळणार हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. पाच बॅगा, भडंगाचा डबा आणि पारोसे आम्ही. क्लोकरूमला गेलो तर बॅगेला कुलूप असल्याशिवाय ठेवून घेईनात. बाहेर जाऊन कुलपं आणली, तर एका बॅगेच्या चेनीला कुलूप अडकवायला जागाच नाही. ती बॅग बायकोनं दिवसभर वागवली. त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं.

तुम्हाला साताऱ्यात महालक्ष्मी मध्यरात्रीच्या सुमारास मिळणार, तेही गावाबाहेर माहुलीला. नावावरून तुम्ही तिकडच्याच दिसता, म्हणजे तेवढं सोपं. तरी त्या वेळी आजींना आणि पोरीला उठवून फलाटावर बसवणं मी टाळलं असतं. कोयना दिवसाची आहे, पण दोन दिवसांतला एक ती गाडीच खाऊन टाकते.

एक मात्र झकास झालं. वेळ काढायचा म्हणून स्टेशनची इमारत बाहेरून निवांत पाहिली. १८८८ साली बांधून झालेली, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. पोरांना तेवढंच लक्षात राहिलंय.

हळदबाजार

आमचं ऐका आणि हसा. व्यापाराला सुट्टी म्हणून आम्ही बुधवारी फिरायला निघालो, सांगलीहून थेट राणीच्या बागेत. बाग बुधवारी बंद! शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, म्हटलं तेच बघू. तेही बुधवारी बंद. पेंग्विन बघायला आलेली दोन पोरं भायखळ्याच्या फुटपाथवर रडतायत आणि मी भावाला फोन लावतोय. तसंच घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. मत्स्यालय यादीतून काढाच, ते बरीच वर्षं बंद आहे. आपल्या पिढीच्या डोक्यातली मुंबई शाळेच्या सहलीतली आहे.

तुम्ही शनिवार-रविवारी जाताय, तेव्हा वारांचा प्रश्न नाही. पण रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, साधारण अकरा ते चार. कुठल्या मार्गावर ते शनिवारी बघून ठेवा.

ढेबेवाडीचा

ताई, मी काय सांगतो बगा. मुंबईत आमचं निम्मं गाव हाय. कोपरखैरण्याला चुलता, घणसोलीला मावसभाऊ, नालासोपाऱ्याला बहीण. पयल्यांदा गेलो तवा आईनं सांगितलेलं, कुणाकडं गेला न्हाईस तर तोंड दाखवू नको. तीन दिवसांत सहा घरं झाली. प्रत्येक घरात च्या, मग जेवल्याबिगर सोडत न्हाईत, मग लग्नाचा अल्बम. गेटवे ऑफ इंडिया बघितला तो चुलत्याच्या भिंतीवरच्या क्यालेंडरात.

तवा कुणाला कळवूच नका. आल्यावर कंदी पेढे पाठवा आन् सांगा, गडबडीत होतो.

पर खरं सांगू का, लोकलमदी कुठं उभं ऱ्हायचं, उतरायच्या आधी दोन ठेसनं दाराकडं कसं सरकायचं, हे चुलत्यानंच शिकवलं. माथाडीत जलम गेला त्याचा. गर्दीत माणूस हलवायचा कसा ते त्याला ठावं.

कास२०

लोकलबद्दल मी लिहिते, कारण आमची ताटातूट झाली होती. दादरला आई डब्यात चढली, मी मागं राहिले, गाडी सुटली. फोन आईच्या पर्समध्ये आणि पर्स माझ्याकडे. ती घाबरून कुर्ल्याला उतरली, तिला शोधायला मी पुढची गाडी पकडली, ती फास्ट निघाली आणि थेट घाटकोपरला थांबली. तासभर आम्ही एकमेकींना ओलांडत होतो. शेवटी एका पोलीस ताईंनी दोघींना एका बाकावर आणून बसवलं. त्या दिवसापासून आमच्या घरात ठरलंय: जो मागं राहिला त्यानं जागा सोडायची नाही. जो पुढं गेला त्यानं पुढच्या स्टेशनवर उतरून परत यायचं. मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.

दादरला पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वे आहेत. आधी दोन्हीकडे एक नंबरचा फलाट असायचा आणि नवखा माणूस हमखास चुकायचा. डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट आठ ते चौदा झालेत. दिवसभर चढउतार होणार असेल तर पर्यटक तिकीट मिळतं, एक, तीन किंवा पाच दिवसांचं. सामान घेऊन सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी उलट्या दिशेला लोकलच्या वाटेला जाऊ नका.

आणि आजी बरोबर असतील तर लोकल कशाला? भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत जाते. दादर, सिद्धिविनायक, सीएसएमटी, चर्चगेट सगळं त्याच मार्गावर आहे. लिफ्ट आहे, एसी आहे, धक्का कुणाचा नाही.

मिरजमार्गे

थोडा वेगळा सूर. सांगली-मिरजेच्या लोकांनी पहिलं मोठं शहर म्हणून मुंबईच का धरावी? आम्ही राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बेंगळुरूला गेलो. मिरजेत बसलो, दुसऱ्या दिवशी तिकडे. मेट्रोनं लालबाग. हैदर अलीनं ही बाग घातली, आत काचेचं भलंमोठं घर आहे आणि एक उघडा खडक आहे, तीनशे कोटी वर्षांचा. त्यावर बसून आम्ही घरच्या दशम्या खाल्ल्या. कब्बन पार्कात पोरं लोळली. विधानसौध बाहेरून पाहिलं. पळापळ नाही, घामाची चिकचिक नाही. मिरजेतल्या माणसाला ‘एष्टु’ (किती), ‘बेकु’ (हवं), ‘बेडा’ (नको) एवढं कानडी येतंच. तेवढ्यावर रिक्षावाला निम्मा आपला होतो. निम्माच. मीटरचं भांडण कुठल्याही भाषेत तेच.

चारमिनारवाली

हैदराबादला जाणार असाल तर सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद. बाकी धागा मुंबईचा आहे म्हणून गप्प बसते.

वाईकर काका

घारापुरीविषयी दोन शब्द, कारण नवरोबांच्या यादीत ती पहिली आहे. गेटवेहून बोटीनं तासभर. उतरल्यावर धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण नंतर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. माकडं हातातलं ओढतात, आमच्या हिचा पेरू गेला. लेणी अप्रतिम, यात वाद नाही. तो अठरा-वीस फुटी सदाशिव अंधारातून हळूहळू डोळ्यांत भरतो, तेव्हा माणूस आपोआप गप्प होतो. वाईच्या ढोल्या गणपतीसमोर वाढलेला मी, मूर्तीच्या आकाराचं मला अप्रूप नाही, पण तिथं दहा मिनिटं हललो नाही.

तरीही तुम्हाला जाऊ नका म्हणेन. जाऊन येऊन अर्धा दिवस जातो, बोटीत चढताना-उतरताना कडेला फळी हलते आणि आजींचे गुडघे तुम्हाला माहीत. गेलातच तर सकाळच्या पहिल्या बोटींतली एक धरा आणि लाइफ जॅकेट अंगावर चढवल्याशिवाय बसू नका. डिसेंबर २०२४ चा अपघात तिथलाच. आणि हाजी अलीची वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, तेव्हा निघण्याआधी भरतीची वेळ बघा.

राजवाडा चौपाटी

पैशाचं कुणी बोललंच नाही. एसटीनं जा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, सासूबाईंचं आधार कार्ड तेवढं घ्या. तुम्हाला आणि मुलीला अर्धं तिकीट. म्हणजे तुमच्या घरात खरा खर्च बापलेकांचाच! मात्र ही सवलत एसटीची आहे, बेस्टच्या बसमध्ये ती मागू नका. मी मागितली होती. कंडक्टर म्हणाला, ‘ताई, साताऱ्याच्या का?’

खोली घेताना फोनवर विचारा, खिडकी आहे का आणि ती कुठं उघडते. दादरच्या एका लॉजात आमची खिडकी जिन्यात उघडत होती. रात्रभर येणारा-जाणारा आम्हाला गुड नाइट करून गेला.

खाण्याचं म्हणाल तर शिवाजी पार्कजवळ ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष. गर्दी असते, उभं राहा. मिसळीच्या भानगडीत आपण पडू नये. कुठंही खाल्ली तरी आपल्याला ती आजारी माणसासाठी केल्यासारखी लागणार.

डबलडेकर: जुन्या लाल गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये गेल्या. आता विजेवर चालणाऱ्या एसी आहेत. सीएसएमटीवरून नरिमन पॉइंटकडे जाणारी पकडा, वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळेपर्यंत एखादी बस सोडली तरी चालेल.

परळ ते पाटण

ताई, सासऱ्यांचं वाचून लिहितोय. माझे वडीलही गिरणीतले. गावच्या गाळ्यात तीस-तीस माणसं एका खोलीत राहायची. एक पाळी कामाला गेली की दुसरी पाळी तिच्याच वळकटीवर झोपायची. जेवण खानावळीत, बाई गावाकडचीच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमचे वडील ‘आठ दिवसांत मिटंल’ म्हणत गावी आले. ते मग कामावर परत गेलेच नाहीत.

मला मुंबई दाखवायला त्यांनी नेलं ते १९९६ साली, मी दहावी झाल्यावर. सगळी मुलं गेटवेला जातात. मला त्यांनी गिरणीच्या बंद फाटकासमोर उभं केलं आणि म्हणाले, ‘इथून आत.’ बस्स, तेवढंच. मग लालबागला उसाचा रस पाजला. तेव्हा मला राग आला होता.

आता तिथं मॉल आहेत, काचेचे टॉवर आहेत. फिनिक्स मॉल म्हणतात तीही गिरणीच होती. मधूनच एखादी चिमणी उभी दिसते. राणीच्या बागेतून परळला टॅक्सीनं फार वेळ लागत नाही. यादीतली दोन नावं खोडा आणि आजींना त्या रस्त्यावरून एकदा न्या. उतरायचं की नाही ते त्यांनाच ठरवू द्या.

माहुलीकरीण

सगळ्यांचे आभार, एकेकाला उत्तर देत बसत नाही. काल रात्री हे सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. ढेबेवाडीच्या भाऊंचं क्यालेंडर ऐकून नवरा इतका हसला की त्याच नादात घारापुरी आणि जुहू खोडून घेतलं. तारांगण मुलानंच खोडलं. म्हातारीच्या बुटावर मात्र नवरा अडून बसलाय. लहानपणी त्याच्या दादांनी त्याला त्यात शिरताना फोटो काढून देतो म्हणून सांगितलं होतं आणि रोल संपला होता, असं आत्ता, लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर कळतंय.

ठरलं ते असं. शनिवारी पहाटेच्या एसटीनं दादर, लॉजवर सामान टाकून राणीची बाग. रविवारी मेट्रोनं थेट दक्षिणेला, संग्रहालय, गेटवे, डबलडेकर, वेळ उरला तर बूट, रात्रीच्या गाडीनं परत. सिद्धिविनायक पुढच्या वेळी. गणपती रागावणार नाही, आपलाच आहे.

परळचं वाचताना सासूबाई उठून आत गेल्या. मला वाटलं, झोपायला गेल्या. तर ट्रंक उघडून पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत मनीऑर्डरीच्या चिठ्ठ्या, सुतळीनं बांधलेल्या. प्रत्येकीवर सासऱ्यांच्या हातच्या दोन ओळी आणि पोस्टाचा शिक्का. शिक्का डोळ्यांजवळ धरून म्हणाल्या, ‘गिरणी ऱ्हाऊ दे. ती न्हाईच तर काय बगायचं? पर हे पोस्ट हाय का अजून, तेवढं इचार.’

म्हणून विचारते. शिक्क्यावर परळ असं वाचता येतंय. ते पोस्ट ऑफिस जुन्या जागेवरच आहे का, आणि शनिवारी दुपारी किती वाजेपर्यंत उघडं असतं?