मदत हवी आहे: उदारमतवाद नेमका कुठून सुरू करायचा?

मंडळी, एम.ए.च्या सेमिनारला उदारमतवादावर (लिबरॅलिझम, म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्याला महत्त्व देणारा आणि सत्तेला मर्यादा घालणारा विचार) वीस मिनिटं बोलायचंय आणि पहिल्याच स्लाइडवर गाडी अडलीय. उदारमतवादाचा आरंभ सहसा जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञापासून धरतात; त्याचे राज्यसंस्थेवरचे दोन निबंध १६८९चे. पण ‘लिबरल’ हे राजकीय गटाचं नाव रूढ झालं ते १८१०-१२च्या सुमारास, स्पेनमधल्या कादिझच्या संसदेत. मग लॉकला उदारमतवादी म्हणणं हे मागाहून चिकटवलेलं लेबल नाही का?

त्याहून मोठी अडचण जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताची. १८५९मध्ये ‘ऑन लिबर्टी’ या पुस्तकात व्यक्तिस्वातंत्र्याची एवढी बाजू मांडणारा हा माणूस त्याआधी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत! आणि ‘मागासलेल्या’ समाजांना ते तत्त्व लागू नाही, असंही त्याच पुस्तकात म्हणतो. तरी आपल्या आगरकरांवर त्याचा एवढा प्रभाव. त्यांनी हे कसं पचवलं, यावर मराठीत काही वाचायला सुचवाल का? इंग्रजी पीडीएफ नकोत, ढीग पडलाय. सेमिनार सोमवारी आहे.