गावरान कोंबडीच्या गळ्याखालची पिशवी सकाळीही गच्च – घरच्या घरी काय करता येईल?

नमस्कार मंडळी, लवकर सल्ला हवा आहे.

आमचं गाव चिपळूण तालुक्यात, परसात थोड्या गावरान कोंबड्या आहेत. त्यातली तांबडी परवापासून पिसं फुगवून, मान आत ओढून बसून असते. दाणे टाकले की एखादा चोचीत घेते आणि टाकून देते. पाणी पिते. आज पहाटे खुराड्यातून काढून गळ्याखाली हात लावला, तर दाण्याची पिशवी भरलेली आणि मळलेल्या कणकेसारखी लागली. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. बाकीच्यांची पाहिली, सगळ्यांची सपाट आहे.

अंगणाच्या कडेचं गवत कापून तिथेच टाकलं होतं, कोंबड्या दिवसभर त्यात उकरत होत्या. लांब सुक्या काड्यांचा गुंता होऊन वाट बंद झाली असावी असं मला वाटतं.

पहिली धास्ती मानमोडीची (राणीखेत रोगाची) होती. पण मान वाकडी होत नाही, पाय-पंख लुळे नाहीत, हिरवी पातळ शीट नाही, घरघर नाही. लहानपणी लासोटा आणि ८व्या आठवड्यात आर-टू-बी, त्यावरच्या दोन्ही लशी झाल्यात. अंडं अडकलं म्हणावं तर कुंथत नाही, पोट मऊ आहे. तरीही तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवलंय. बाकीच्यांचं दाणापाणी उरकून मगच हिला हात लावते.

शेजारच्या आजी सांगतात, पाय धरून उलटी कर आणि पिशवी दाबून सगळं बाहेर काढ. मला धीर होत नाही. कोणी लसूण-हळदीची गोळी सांगतं, कोणी सरळ कापून टाक म्हणतं. कापायची नाही. एक तर आजारी कोंबडी खाणं मला पटत नाही, आणि ही आमची सगळ्यात भरवशाची खुडूक आहे. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, हिने बदकाच्या अंड्यांवर २८ दिवस बैठक मोडली नाही. तिला वाचवायचंच आहे.

तेल द्यायचं का, आणि कसं? उपाशी किती वेळ ठेवू?

प्रतिसाद

ताई, उलटी अजिबात धरू नका. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं. पिशवीतलं पाणी त्यात गेलं तर ती हातातच जाईल. तेलही चमच्याने घशात ओतू नका, धोका तोच. खोबरेल फ्रीजमध्ये थिजवा, वाटाण्याएवढे एक-दोन तुकडे चोचीत ठेवा, ती आपली आपण गिळेल. मग उभीच धरून पिशवी हलक्या हाताने गोल गोल चोळा, पाचेक मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. गोळा फुटतोय असं बोटांना जाणवेल.

आज दाणे पूर्ण बंद, पाणी सतत समोर. पिशवी सैल झाली तर उद्या ताकात कालवलेला मऊ भात थोडाथोडा द्या. गहू, मका, गवत नको. लसूण-हळद एरवी ठीक, पण वाट बंद असताना वरून काही भरू नये.

चोचीचा वास घ्या. आंबूस असेल आणि पिशवी हाताला पाणी भरल्यागत मऊ लागत असेल, तर आत बुरशी वाढलेली असू शकते. त्यावर तेल-चोळण्याने भागत नाही, डॉक्टरांचं औषध लागतं. उद्या संध्याकाळपर्यंत फरक नसेल तरी थांबू नका. पिशवी उघडून गुंता काढतात, टाके घालतात, पण ते काम पशुवैद्यकांचंच. दवाखाना लांब असेल तर जनावरांच्या डॉक्टरांसाठीच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करा. आणि दुसरी एखादी कोंबडी अचानक मेली, तर उघड्या हाताने उचलू नका, आधी दवाखान्यात कळवा.

धागाकर्ती

मनापासून आभार. वास आंबूस नाही, गोळा घट्टच आहे. खोबरेल थिजत ठेवलंय. गवत सगळं उचलून टाकलं. एकच विचारते, जाड वाळू समोर ठेवू का? डालग्याखाली असल्याने तिला खडे मिळत नाहीत.

प्रतिसाद

हिला आत्ता नको, पिशवी रिकामी होऊन दाणे सुरू झाले की ठेवा. बाकीच्यांना आजपासूनच ठेवा. दाणा दळायला पोटात खडे लागतातच.