मार्केटिंगचं सॉफ्टवेअर विकत घेतलंत? पैसे वसूल झाले का?

आमचा वह्या-डायऱ्या हाताने बांधण्याचा छोटा व्यवसाय आहे. मी आणि माझी बहीण, दोघीच. गिऱ्हाइकांना महिन्यातून एकदा ईमेल पाठवतो. त्यासाठी वापरतो त्या सॉफ्टवेअरची फुकट मर्यादा गेल्या आठवड्यात ओलांडली आणि पुढच्या महिन्यापासून ते पैसे मागतंय. रक्कम आमच्यासाठी छोटी नाही. विकणाऱ्यांच्या वेबसाइटवर सगळेच खूश दिसतात, म्हणून ज्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरलेत त्यांना विचारतेय. काय घेतलं, किती दिवस चालवलं, बंद केलं तर का? धंदा केवढा आहे तेही लिहा, नाहीतर तुलना कशी करणार? फसलेले अनुभव तर नक्की लिहा.

—

फिजिओथेरपीचं क्लिनिक. मी, एक सहकारी आणि अर्धवेळ मदतीला एक मुलगी. चार वर्षं पैसे भरतेय आणि बंद करायचा विचारही नाही.

आधी रोज रात्री अपॉइंटमेंटची वही मांडीवर घेऊन बसायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या पेशंटना एकेक करून मेसेज टाकायचे. ज्याचा राहून जाई नेमका तोच येत नसे, आणि पाऊण तास रिकामा जाई. आता आठवण आदल्या दिवशी आपोआप जाते. उपचार संपल्यावर तीन महिन्यांनी आणखी एक मेसेज जातो: 'गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो का?' बस. या प्रश्नाला जेवढी उत्तरं येतात तेवढी मी दिलेल्या कुठल्याच जाहिरातीला आली नाहीत. पण ताई, हा प्रश्न मी दोन वर्षं हाताने पाठवत होते. काय विचारायचं, कधी विचारायचं, हे सॉफ्टवेअर घेण्याआधीच मला पक्कं माहीत होतं.

—

जुन्या फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश करतो. एकटाच आहे, जड काम आलं की भाचा येतो. महिन्याला फार तर दहा-बारा कामं.

माझा अनुभव वाईट आहे आणि तो सविस्तर लिहितो, कारण कुणीतरी वाचावं असं मनापासून वाटतं. एका कंपनीचं 'सगळं एकात' असलेलं सॉफ्टवेअर घेतलं. ईमेल, मेसेज, गिऱ्हाइकांची नोंद, वेबसाइटचे फॉर्म, सगळं त्यात. फोनवर दाखवलं तेव्हा भारावून गेलो. वर्षाचे पैसे एकदम भरले तर सवलत, म्हणून भरले. नंतर लक्षात आलं की ते चालवायला रोज तासभर त्याच्यापुढे बसावं लागतं. दिवसभर पॉलिश घासून आल्यावर कोण बसणार? पहिल्या दोन महिन्यांत चाळीस गिऱ्हाइकं भरली, पुढे हात लावला नाही. वर्ष संपलं आणि कार्डावरून दुसऱ्या वर्षाचे पैसे कापले गेले. नूतनीकरण आपोआप होतं हे अटींमध्ये होतं, मी वाचलं नव्हतं. पैसे परत मिळाले नाहीत. बरं, निदान माझी यादी तरी काढून द्या म्हटलं, तर ती सोय वरच्या प्लॅनमध्ये. शेवटी चाळीस नावं स्क्रीनवर बघून बघून वहीत उतरवली.

त्या वहीवरच आजही काम चालतं. घेण्याआधी यादी बाहेर काढता येते का ते करून बघा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

—

ऑनलाइन गायन शिकवते. ईमेलच्या सॉफ्टवेअरला पैसे भरते ते एकाच गोष्टीसाठी. नवीन माणसाने नाव नोंदवलं की सहा दिवस रोज एक छोटा रियाज त्याला जातो. ते सहा ईमेल मी एकदाच लिहिले, तीन रविवार लागले. वर्गाला येणारे बरेचसे तिथूनच येतात.

'किती जणांनी ईमेल उघडलं' या आकड्यावर मात्र भुलू नका. 2021 मध्ये ॲपलने मेल ॲपसाठी गोपनीयतेची सोय आणली. ती चालू असेल तर माणसाने ईमेल न वाचताही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. माझा आकडा एकदम चढला तेव्हा मी आनंदाने पुढचा प्लॅन घेतला होता. नवीन विद्यार्थी तेवढेच आले. आता मी फक्त उत्तरं आणि प्रवेश मोजते.

—

सायकल दुरुस्ती आणि सुटे भाग. ईमेल आमची गिऱ्हाइकं वाचतच नाहीत. व्हॉट्सॲप बिझनेसचं साधं ॲप फुकट आहे, त्यावर भागतं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) 256 माणसं बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज पोचतो. मला ही अट उलट उपयोगी वाटली. सायकल देताना नंबर समोरच सेव्ह करून घेतो, मग 'सर्व्हिसिंगची वेळ झाली' म्हटल्यावर माणूस चिडत नाही. एपीआयवर, म्हणजे व्हॉट्सॲप दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायच्या सोयीवर, गेलात की मार्केटिंगचा मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्या मेसेजचे वेगळे पैसे पडतात. आम्ही गेलो नाही.

—

छोट्या व्यावसायिकांची हीच कामं करून देते. एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. महागडा प्लॅन घेऊनही ईमेल स्पॅममध्ये जातात, आणि दोष बहुतेक वेळा सेटिंगचा असतो. फेब्रुवारी 2024 पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. स्वतःच्या डोमेनवरून (म्हणजे स्वतःच्या वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावरून) पाठवा आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क या तिन्ही नोंदी नीट करून घ्या. ईमेल खरंच तुमच्याकडूनच आलंय हे त्यांवरून तपासलं जातं. जीमेलला दिवसाला 5,000 च्या वर पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीच्या आहेत, पण छोट्यांनीही कराव्यात. तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्यांच्या खाली हवं, म्हणजे हजारात तिघांनी जरी 'स्पॅम' दाबलं तरी अडचण. विकत आणलेल्या याद्या इथेच बुडवतात. या नोंदी करायला अर्धा दिवस पुरतो.

—

सोशल मीडियावर पोस्ट आपोआप टाकणारं सॉफ्टवेअर दीड वर्ष होतं. बंद केलं, चौकशा तेवढ्याच राहिल्या. (शिवणकामाचे वर्ग, एकटी.)

—

धागा काढणारी मीच. सगळं दोनदा वाचलं, खूप आभार. काल बहिणीबरोबर आमची यादी उघडली. फुकट मर्यादा आम्ही ओलांडली ती कशामुळे, तर नाव काढून घेतलेले लोकही मोजणीत धरले जात होते. ते वगळले, बंद पडलेले पत्ते वगळले, तर आम्ही पुन्हा मर्यादेत आलो. तूर्त पैसे भरत नाही. यादी बाहेर काढूनही पाहिली, निघाली. फर्निचरवाले दादा, तुमच्या वहीत रकाने कोणते आहेत? आमच्या यादीत नाव आणि ईमेलशिवाय काहीच नाही.

—

ताई, पाच रकाने आहेत. नाव आणि फोन. कोणती वस्तू आणली. कुणी पाठवलं. पुढे कधी विचारायचं. आणि शेवटचा मोठा रकाना त्यांनी बोलता बोलता जे सांगितलं त्याचा. 'खुर्ची आजोबांची आहे, मुलीला द्यायची आहे' असं काहीतरी. फोन करताना मी आधी तो वाचतो.