वजन कमी करण्याचं ऑपरेशन करावं का?

अमळनेरची लेक: वय ४१, उंची पाच फूट दोन, वजन ११८ किलो. शाळेपासून अशीच. डाएटने उतरतं, पुन्हा चढतं. आता मधुमेह आणि गुडघे. डॉक्टर स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन, सुचवतात. सासूबाई म्हणतात, "चांगलं पोट कशाला कापायचं?" मला वेगळीच धास्ती आहे: हिवाळ्यातली भरीत पार्टी, लग्नातली वरण-बट्टी कायमची संपेल का? कुणी केलं असेल तर खरं सांगा.

भुसावळची ताई: मी केलंय गं. जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात, तो परत बसवता येत नाही. हे आधी मनाशी पक्कं कर. सुरुवातीचे आठवडे फक्त पातळ, मग मऊ. आता भरीत खाते, तेल कमी. बट्टीचा छोटा तुकडा पुरतो. आधी डाळ, अंडं, मग बाकी. बी-१२, लोह, कॅल्शियम मात्र जन्मभर. छातीत जळजळ होते का तुला?

अमळनेरची लेक: हो ताई, रोज रात्री.

भुसावळची ताई: मग डॉक्टरांना नक्की सांग. स्लीव्हने ती वाढू शकते, अशांना गॅस्ट्रिक बायपास (जठराचा छोटा कप्पा करून तो थेट आतड्याला जोडतात) जास्त मानवतो.

धुळेकर: ताई, तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) ४७ च्या पुढे आहे. ४० च्या वर या ऑपरेशनचा खर्च विम्यातून मिळू शकतो, पण पॉलिसीतली प्रतीक्षा मुदत आधी वाचा.