मदत हवी आहे: आई-बाबांना कधी बोलवू, मार्च की मे?

गारठलेला: तिकिटांचे भाव रोज चढताहेत, पटकन सांगा. आई-बाबा पहिल्यांदाच येताहेत, सहा महिन्यांसाठी. आमच्या काउंटीत मार्चमध्ये थंडी कितपत असते? आम्हीच नोव्हेंबरात आलो. नेटवर नुसत्या सरासऱ्या. बाबा विचारतात स्वेटर किती घेऊ, त्यांना काय सरासरी सांगू?

चहाटळ: 'आमच्या' म्हणजे कुणाच्या?

गारठलेला: अहो, ब्लूमिंग्टन!

चहाटळ: इंडियानातलं की मिनेसोटातलं?

गारठलेला: इलिनॉय. मॅक्लीन काउंटी. आता सांगा.

मक्याचं_कणीस: नऊ वर्षं इथेच आहे. मार्च नको. आज 18 सेल्सिअस, परवा बर्फ. सगळी सपाट शेतं, वाऱ्याला अडवायला काही नाही. ताशी 40 किलोमीटरचा वारा असला की उणे 5 अंगाला उणे 14 लागतं. मी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तुळस बाल्कनीत ठेवली होती, सकाळी पानं उकडल्यासारखी काळी. मे बरा.

हिमगौरी: मे म्हणजे टोर्नेडोचे दिवस, ते नाही सांगत? घराला तळघर आहे का?

गारठलेला: अपार्टमेंट, तिसरा मजला. का?

हिमगौरी: टोर्नेडोच्या इशाऱ्यात 'वॉच' म्हणजे शक्यता. 'वॉर्निंग' म्हणजे तो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय, लगेच तळमजल्यावर बिनखिडकीच्या जागी जायचं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला भोंगा वाजतो ती चाचणी, हे आईंना आधीच सांगा. माझ्या सासूबाई तव्यावरची पोळी तशीच टाकून पासपोर्ट छातीशी धरून जिन्यात बसल्या होत्या.

मक्याचं_कणीस: उगाच घाबरवू नका. नऊ वर्षांत मला एकही दिसला नाही.

हिमगौरी: 31 जानेवारी 2019 च्या आधी इलिनॉयमध्ये उणे 39 तरी कुणाला दिसलं होतं? माउंट कॅरलला नोंदलं गेलंच ना.

सांगलीचा_पाव: स्नो टायर घ्या, बाकी सगळं सोडा.

चहाटळ: आई-बाबांना बसवायचे का?

डबल_चष्मा: बाबांना दमा वगैरे?

गारठलेला: आहे थोडा. लिहायचं राहिलं.

डबल_चष्मा: अहो, तेच तर आधी लिहायचं! ऑगस्टच्या मध्यापासून रॅगवीड नावाच्या तणाचे परागकण सुटतात ते पार गारठा पडेपर्यंत. जुलैत मक्याची शेतं हवेत इतकी वाफ सोडतात की मुंबईसारखं चिकचिकतं. मेमध्ये आणा, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाठवा. आणि इनहेलर तिकडूनच भरपूर आणायला सांगा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

गारठलेला: आई म्हणते, पडता बर्फ बघितल्याशिवाय परत जाणार नाही.

मक्याचं_कणीस: मग मार्चच.

हिमगौरी: आता कसं!

गारठलेला: पण स्वेटर किती?

मक्याचं_कणीस: दोन पुरे. लोकरीतून वारा आरपार जातो. वरून वारा न शिरणारं जॅकेट हवं, ते इथेच घ्या.