शब्दचर्चा : अळंबी, भूछत्र आणि कुत्र्याची छत्री

प्रश्न :
घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर जोराचा पाऊस होऊन गेल्यावर मोठाल्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या आहेत. सासूबाई म्हणतात अळंबी, माळीदादा म्हणतात कुत्र्याच्या छत्र्या, आणि मुलीच्या पुस्तकात भूछत्र. नावं तीन आणि वस्तू एकच, की अर्थ वेगळे आहेत? शिवाय 'अळंबी उगवली' म्हणायचं की 'अळंबं उगवलं'?

प्रतिसाद :
ताई, आधी एक विनंती. शब्दांचा निकाल लागेपर्यंत त्यातलं काही कढईत जाऊ देऊ नका.

बोलीभाषेत 'अळंबी' म्हटलं की खायची वस्तू डोळ्यांपुढे येते. 'कुत्र्याची छत्री' म्हणजे हात लावू नये अशी. जिथे कुत्रं मुततं तिथे ती उगवते हा जुना समज त्यामागे आहे, हिंदीतला 'कुकुरमुत्ता'ही त्याच समजातून आलेला. 'भूछत्र' मात्र तटस्थ आहे : जमिनीतून वर आलेलं छत्रीच्या आकाराचं काहीही, खाण्याजोगं असो वा नसो. म्हणजे तुमच्या सासूबाई आणि माळीदादा यांच्यातला मतभेद नावाचा वाटला तरी खरा प्रश्न 'खावं की नाही' हाच आहे, आणि त्याचं उत्तर दोघांच्याही शब्दात नाही. यातलं एकही नाव एका जातीचं नाही. म्हणून ओळख पटेपर्यंत मी 'भूछत्र' म्हणतो आणि सगळ्यांनी तसंच म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

आता व्याकरण. मूळ रूप 'अळंबे', नपुंसकलिंगी. केळे–केळी, मडके–मडकी तसं अळंबे–अळंबी. 'ती अळंबी शिजली' हे वाक्य नीट पाहा. नपुंसकलिंगी अनेकवचन धरलं तरी ते बरोबर, स्त्रीलिंगी एकवचन धरलं तरी बरोबर. ही वस्तू एकेकटी शिजत नाही, त्यामुळे एकवचन तोंडी फारसं येतच नाही. 'अळंबी' हळूहळू स्त्रीलिंगी एकवचन होऊन बसली आणि तिचं 'अळंब्या' असं नवं अनेकवचनही रूढ झालं, ते यामुळेच असावं असं मला वाटतं. कोकणीत 'अळमी' आहे. शेतीविषयक लेखनात 'अळिंबी' दिसतं, 'धिंगरी अळिंबी' हे ऑयस्टर मशरूमचं तिथलं नेहमीचं नाव. तुमच्या प्रश्नातली दोन्ही रूपं चालतील.

दुसरा प्रतिसाद (खारघरहून) :
'अळंबी म्हणजे खायची' हे पटलं, पण त्यात एक भर घालतो. माझं गाव शहापूरकडचं. तिथे नुसतं 'अळंबी' म्हणून भागत नाही, वारुळावरची की कुठली ते सांगावं लागतं. वारुळावरच्या अळंबीचा दांडा मातीत खोल गेलेला असतो, मुळासारखा निमुळता. अलगद खणत गेलं तर तो थेट वाळवीच्या घरापर्यंत पोचतो. वाळवी खाली बुरशीचं शेत राखते आणि पाऊस लागला की त्यातूनच ही छत्री वर येते. शास्त्रीय नाव टर्मिटोमायसिस. बटण मशरूमसारखी ती शेडमध्ये पिकवता येत नाही, म्हणून बाजारात येते ती रानातूनच गोळा केलेली, पानात बांधलेली. ओळखणाऱ्या बायका नुसती टोपी बघत नाहीत, ती कुठल्या जागी आणि कधी उगवली, दांडा कुठवर गेलाय, हे सगळं बघतात. सोसायटीच्या हिरवळीवर यातलं काय मिळणार?

आणि या धाग्यामुळे कोणी ठाण्याजवळच्या येऊरला पिशवी घेऊन निघू नये. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथून काही उपटून आणायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. फोटो काढा.

पहिला प्रतिसादक :
अगदी खरं. हिरवळीवरची मोठी पांढरी छत्री म्हटलं की माझ्या मनात पहिलं नाव क्लोरोफायलम मोलिब्डाइट्सचं येतं. टोपी ताटलीएवढी होते, वर तपकिरी खवले, दांड्यावर सरकतं कडं. कोवळेपणी खालच्या पापुद्र्या पांढऱ्याशुभ्र असतात आणि फसगत होते ती तिथेच. खाल्लं तर बहुधा एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब सुरू होतात.

ताई, एक प्रयोग करा. टोपी दांड्यापासून कापून पापुद्र्यांची बाजू खाली करून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वर वाडगा पालथा घाला. सकाळी कागदावर पापुद्र्यांतून गळलेल्या बीजाणूंचा (भूछत्राच्या बियांसारख्या बारीक कणांचा) ठसा उमटलेला असेल. क्लोरोफायलमचा हिरवट उठतो, वारुळावरच्या अळंबीचा गुलाबीसर. नंतर हात धुवा. ठशावरून एखादं नाव बाद करता येतं, खाण्याचा परवाना मात्र मिळत नाही.

चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा होतो, किड्यांनी खाल्लं म्हणजे माणसालाही चालतं, या कसोट्या कृपा करून कोणी पुढे ढकलू नका. सगळ्या खोट्या आहेत. अमानिटा वंशातल्या मारक जातींचं विष शिजवल्यानेही जात नाही. त्रास बहुधा सहा तासांनंतर सुरू होतो, मध्ये बरं वाटल्यासारखं होतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. कोणी चुकून खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा आणि उरलेला तुकडा कागदात गुंडाळून सोबत न्या.

प्रश्नकर्ती :
ठसा घेतला. फिकट शेवाळी हिरवा आलाय. सासूबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, आमच्या गावच्या अळंबीचा असा रंग कधी पाहिला नाही. आता त्याही भूछत्र म्हणताहेत. अजून एक शंका : 'बुरशी' आणि 'कवक' यांत काय फरक?

पहिला प्रतिसादक :
'कवक' हा शास्त्रातला व्यापक शब्द, त्यात यीस्टपासून भूछत्रापर्यंत सगळे आले. १९६९मध्ये अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत मांडणी केली तेव्हा कवकांना वनस्पतींपासून वेगळी सृष्टी मिळाली. 'बुरशी' रोजच्या वापरातली : पावावरची, लोणच्यावरची, भिंतीवरची. पिकावर आली की शेतकरी बुरशी म्हणून थांबत नाही, तांबेरा, काणी, भुरी अशी नेमकी नावं घेतो. छत्री हे कवकाचं फक्त फळ. मातीत पसरलेलं पांढरं जाळं ते कवकजाल. म्हणून छत्र्या उपटल्या तरी पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा येतील. लहान मुलं खेळायला येण्याआधी रोज सकाळी वेचून टाकायला माळीदादांना सांगा.

तिसरा प्रतिसाद :
पापुद्र्यांना 'कल्ले' म्हटलेलं वाचलंय. ते योग्य का?

पहिला प्रतिसादक :
माशाच्या कल्ल्यांवरून इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा तो सरळ अनुवाद. चुकीचा नाही, पण कल्ले म्हटलं की श्वास आठवतो, आणि यांचं काम बीजाणू गाळण्याचं. मी 'पापुद्रे' किंवा 'पापुद्र्या' लिहितो, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. 'बीजाणू'ऐवजी 'बीजुक' लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, अर्थ तोच.