मदत हवी आहे: क्लिपरटनच्या पाण्याला मराठीत काय म्हणू?

प्रशांत महासागरातल्या निर्जन क्लिपरटन बेटाचा मराठी नकाशा करतोय. मालकीचं ठरलंय: 1931 च्या लवादानुसार फ्रान्स. 1917 मध्ये बेटावरून सुटका झालेल्या मेक्सिकन बायका-मुलांच्या माहितीची चौकटही तयार आहे. अडलंय मधल्या पाण्यावर. ॲटॉलला, म्हणजे प्रवाळाच्या कडेबंद बेटाला, 'कंकणद्वीप' छान बसतं (बेट खरंच बांगडीसारखं दिसतं!), लगूनला, म्हणजे कड्याच्या आतल्या पाण्याला, 'खारकच्छ'. पण 1839 मध्ये नोंदलेली समुद्राकडची दोन्ही तोंडं नंतर बुजली, पावसाच्या पाण्यामुळे वरचा थर जवळपास गोडा झालाय आणि तळाशी सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू आहे. गोड्या पाण्याला 'खार' कसं म्हणू? 'सरोवर' लिहिलं, तर समुद्राशी असलेलं जुनं नातं पुसलं जातं. 'लगून' टाळायचंय, जागा जेमतेम दोन शब्दांची. भूगोल शिकवणाऱ्यांनो, तुम्ही काय लिहाल?